नळातील लाट

नळातून धावणारे पाणी झडप मिटून एकाएकी अडविले, की त्याचा आवेग दाबाची लाट होऊन मागे फिरतो. अशा आघातांनी मॉस्कोचे मोठे नळ फुटत. निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ साली तेथील लांब नळांवर दाबमापके लावून ही लाट मोजली. पोलादी नळात तिची गती सेकंदास हजार मीटरांहून अधिक असते. सेकंदाला अवघा एक मीटर सरकणारे पाणी थबकले, तरी वाढणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहापटीच्या घरात जातो. लाट टोकास जाऊन परतेल, त्याहून पुष्कळ अधिक वेळ घेऊन झडप मिटावी. नळावर हवेची कोठी असावी. कारखान्यातील कित्येकांची सुरक्षितता झडपेवरच्या त्या संयमी हातात असते.