नव्या गाडीची हमी



आज आपण नव्या मोटारसायकलीविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, गुरुजींना गाडी कुठे चालवता येते? खरे आहे. आमचा जन्म सायकलवर गेला. पण एका मोटारसायकलीने आम्हांला धडा शिकवला. पस्तीस वर्षे आम्ही दुसऱ्यांना शिकवले. हा धडा मात्र साठी उलटल्यावर शिकलो. तो तुम्हांला सांगावा म्हणून उभे राहिलो आहोत.

आमच्या धाकट्या भावाच्या मुलाने नवी मोटारसायकल घेतली. दुधाचे साठवलेले पैसे आधी भरले. बाकीच्यासाठी कर्ज काढले. गाडी दारात आली. घरच्या बायकांनी तिला ओवाळले, हार घातला, नारळ फोडला. गाडीबरोबर एक पुस्तक मिळाले होते. पुतण्या ते घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, हे तुम्ही सांभाळा. तुम्हांला वाचता येतं."

आम्ही काय केले? पुस्तक कपाटात ठेवले. त्यावर जुनी पंचांगे ठेवली. एक पानही उघडले नाही. आम्ही मॅट्रिक झालेले. पण त्या दिवशी आम्ही निरक्षरच ठरलो.

पंधरा दिवसांनी इंजिनाखाली तेलाचे थेंब दिसू लागले. पुतण्या शोरूममध्ये गेला. तिथल्या कारागिराने फडक्याने तेल पुसले. म्हणाला, "नवी गाडी आहे दादा. चालवा. थांबेल आपोआप." थेंब थांबले नाहीत. पुतण्या पुन्हा गेला. पुन्हा तेच फडके आणि तेच उत्तर. कोणी काही लिहून घेतले नाही. यानेही लिहून मागितले नाही.

पुढे पेरणी आली. घाईत दुसरी सर्व्हिसिंग राहून गेली. गळती वाढली, तेव्हा फाट्यावरच्या मिस्त्रीकडून इंजिन खोलून घेतले. दिवाळीच्या आधी इंजिन खडखडू लागले आणि एक दिवस जाम झाले. आतले तेल आटले होते.

आम्ही दोघे शोरूममध्ये गेलो. ते म्हणाले, "सर्व्हिसिंग चुकवली. बाहेर इंजिन खोललं. आता हमी नाही."

पुतण्या म्हणाला, "अहो, पहिल्याच महिन्यात मी दोनदा येऊन सांगितलं होतं!"

ते म्हणाले, "कागद दाखवा."

कागद होता कुठे?

घरी येऊन आम्ही कपाट उघडले. पुस्तक वाचले. सर्व्हिसिंग कधी करायची, कुठे करायची, हमी कशाने जाते, सगळे त्यात लिहिलेले होते. वाचणारा मात्र झोपला होता. इंजिनाच्या दुरुस्तीत दोन महिन्यांच्या दुधाचे पैसे गेले. गाडी उभी होती, पण कर्जाचा हप्ता उभा राहिला नाही. पुतण्या आम्हांला एका शब्दाने बोलला नाही. तेच आम्हांला जास्त लागले.

आता हमी म्हणजे काय ते पाहू. तिलाच आपण वॉरंटी म्हणतो. गाडी बनवताना काही दोष राहिला, तर ठरलेल्या मुदतीत कंपनी तो फुकट दुरुस्त करून देते. भाग खराब असेल तर बदलते. हे कंपनीचे लेखी वचन आहे. विमा वेगळा. गाडी पडली, धडकली, चोरीला गेली, तर विम्याचे काम. गाडीतच मूळ दोष असेल, तर हमीचे काम.

हमीला अटी असतात. मुदत महिन्यांत आणि किलोमीटरमध्ये लिहिलेली असते. दोन्हींपैकी जे आधी भरेल, तिथे मुदत संपते. सर्व्हिसिंग वेळेवर आणि कंपनीच्या अधिकृत ठिकाणी करावी लागते. ब्रेकचे लायनर, क्लच प्लेट, बल्ब, असे झिजणारे किंवा जळणारे भाग सहसा हमीत येत नाहीत. टायर आणि बॅटरी यांची हमी पुष्कळदा त्या त्या कंपनीची वेगळी असते. प्रत्येक कंपनीच्या अटी निराळ्या. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा हिशेब करू नका. आपले पुस्तक वाचा.

आता दुसरी गोष्ट ऐका. आपल्या रात्रीच्या वर्गात एक ताई येतात. त्यांच्या घरी नवी गाडी आली. सकाळी ती सुरूच होईना. ताई मालकांबरोबर शोरूममध्ये गेल्या. तिथे गाडी घेताना एक कागद भरतात. त्याला जॉब कार्ड म्हणतात. त्यावर माणसाने लिहिले, 'साधी तपासणी'. ताईंनी एक एक अक्षर लावून वाचले. म्हणाल्या, "भाऊ, मी तपासणीला नाही आले. सकाळी गाडी सुरू होत नाही, असं लिहा. मग सही करते." त्याने तसे लिहिले. ताईंनी सही केली आणि कागदाची प्रत घेतली.

असे तीनदा झाले. चौथ्या वेळी ताईंनी तिन्ही कागद व्यवस्थापकाच्या टेबलावर मांडले. मग कंपनीचा इंजिनिअर आला. बॅटरी चार्ज करणारा भाग सदोष निघाला. तो फुकट बदलून मिळाला. ताईंनी आवाज चढवला नाही. त्यांच्या वतीने कागद बोलले.

आमच्या पुतण्याचा दोषही खराच होता. फक्त त्याचा कागद नव्हता.

इतके करूनही दाद लागली नाही तर? तर कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार सांगता येते. तिथेही काम झाले नाही, तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे अर्ज करता येतो. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल, तर अर्जाला फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो. पण एक ध्यानात घ्या. छोट्या दोषासाठी कोणी नवी गाडी देत नाही. आधी दुरुस्तीची संधी द्यावी लागते. आणि आयोगही पहिल्यांदा कागदच मागतो.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

१. गाडी घेताना पावती घ्या. पावतीवरचे इंजिन आणि चेसिसचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवून पाहा.

२. हमीचे पुस्तक पहिल्याच दिवशी वाचा. अडेल तिथे विचारा.

३. सर्व्हिसिंगच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

४. दोष दिसताच जा. तो तुमच्या शब्दांत लिहून घ्या. वाचल्याशिवाय सही करू नका. प्रत घ्या.

५. मुदत आहे तोवर बाहेर इंजिन खोलू नका.

६. सगळे कागद एका पिशवीत ठेवा.

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पोथी वाचा, वर्तमानपत्र वाचा. पण ज्या कागदावर तुमचा पैसा अडकला आहे, तो कागद आधी वाचा. आमच्या घरी हमीचे पुस्तक आता कपाटात नाही. ते खुंटीला टांगले आहे. पुतण्या ते स्वतः वाचतो. आम्ही फक्त ऐकतो.

राम राम.