ओल्या वाटेवरचे मोजे



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना हसूं येईल. मोजे ही का भाषण करण्याजोगी वस्तु आहे? परंतु आषाढ-श्रावणांत सह्याद्रीच्या वाटा तुडविणाऱ्या एखाद्याला विचारा. पाठीवरचें ओझें, डोक्यावरची धार, समोरचें धुकें हें सर्व तो हसत सोसतो. त्याला हार खावयास लावतो तो टाचेवरचा रुपयाएवढा फोड. म्हणून पाणी आंत शिरूं न देणारे मोजे मिळतात असें कळल्यावर मीं त्यांचा एक जोड विकत घेतला आणि त्याची परीक्षा पाहण्याचें ठरविलें. त्या परीक्षेची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

या मोज्यांना तीन थर असतात. बाहेरचा नायलॉनसारख्या चिवट धाग्याचा, आंतला बहुधा लोकरीचा, आणि दोहोंच्या मध्यें एक अतिशय पातळ पापुद्रा. सगळी करामत या पापुद्र्याची. १९६९ सालीं अमेरिकेंत बॉब गोर यांनीं टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यानें ताणून त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रें पाडलीं. त्यांतून पाण्याचा थेंब जाऊं शकत नाहीं, पण वाफ जाते. मोज्यांत पुष्कळदां निराळ्या जातीचा, छिद्रें नसलेला पापुद्रा असतो. तो घामाची वाफ आंतल्या अंगानें शोषून बाहेरच्या अंगानें सोडतो. नियम मात्र दोहोंचा एकच: आंत बाष्प जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच वाफ बाहेर पडते. हा नियम ध्यानांत ठेवावा. पुढें त्याच्याशींच गांठ आहे.

पहिली परीक्षा न्हाणीघरांत झाली. मोज्यांत टिपकागद भरला, त्याचें तोंड वर धरून तो २० मिनिटें बादलींत बुडवून ठेवला, आणि मग तराजूंत घातला. वजन चांगलेंच वाढलेलें! पैसे पाण्यांत गेले म्हणून मी हळहळलों. पण आंतला कागद काढून पाहिला, तो ठणठणीत कोरडा. वाढलेलें वजन बाहेरच्या कापडानें प्यालेल्या पाण्याचें होतें. मग तोच मोजा घालून पाय बादलींत सोडला, तों क्षणांत पाय भिजल्याचा भास झाला. पाण्याचा गारवा आणि दाब पापुद्र्यांतूनही जाणवतो, आणि गारवा म्हणजे ओल नव्हे हें आपल्या कातडीस कळत नाहीं. तेव्हां परीक्षकानें पायाच्या साक्षीवर विसंबूं नये. कागदाची साक्ष घ्यावी.

दुसरी परीक्षा डोंगरांत. जुलै महिन्यांत माझी भाची आणि मी लोणावळ्याहून राजमाचीस निघालों. वाट सुमारें १५ किलोमीटरांची, पावसाळ्यांत ओढ्यांनीं ठिकठिकाणीं कापलेली. मीं डाव्या पायांत नवा मोजा चढविला आणि उजव्यांत साधा लोकरीचा. बूट दोन्हीं पायांत जाळीच्या कापडाचे. माणूस एक, वाट एक, पाऊस एक. तुलना याहून चोख कशी व्हावी?

पहिला तास डाव्या पायाचा होता. चिखल, डबकीं, ओलें गवत, कशाचाही उपद्रव त्यास झाला नाहीं. उजवा मात्र पहिल्या पांच मिनिटांतच चिंब झाला. भाचीनें विचारलें, "मामा, डावा पाय काय म्हणतो?" मीं सांगितलें, "उजव्याला हसतो आहे."

तें हसूं पहिल्या मोठ्या ओढ्यापर्यंत टिकलें. मोजा अर्ध्या पोटरीपर्यंत आणि पाणी गुडघ्याच्या जवळ. तें वरून आंत शिरलें आणि मोज्याची पखाल झाली. जो पापुद्रा पाणी आंत येऊं देत नाहीं, तो तें बाहेर तरी कसें जाऊं देईल? उजव्या पायाचें पाणी चालतां चालतां जाळीवाटे निथळून जाई. डावा आपलें पाणी घेऊन पचक-पचक चालत होता. मोजा काढून पिळला, पुन्हां घातला. पण पावसाचें पाणी पोटरीवरून उतरतच होतें आणि आंतला घामही जिरेना. भोंवतालची हवाच बाष्पानें तुडुंब. मोज्यांतल्या वाफेनें जावें कोठें?

संध्याकाळीं उधेवाडींत मोजे उतरविले. सुरकुत्या दोन्हीं पायांना होत्या. परंतु डावा पांढराफटक पडून मऊ झाला होता आणि त्याच्या टाचेवर फोड धरला होता. रात्रीं पाय पुसून, पिशवींत जपलेला कोरडा जोड घालून निजलों. सकाळीं उजवा पाय पूर्ववत् झाला, डाव्याचा फोड मात्र तसाच. श्रीवर्धन गडावरून उतरतांना दुखरी टाच वांचविण्याच्या नादांत उजवें पाऊल शेवाळावर पडलें आणि मी आदळलों. सुदैवानें कड्याच्या बाजूस नव्हे, डोंगराच्या बाजूस. तळहात सोलण्यावर निभावलें. भाचीनें कांहीं न बोलतां माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. एका फोडाची किंमत काय असते, तें मला त्या क्षणीं कळलें.

हा धडा जुनाच आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत फ्रान्स-फ्लँडर्सच्या खंदकांत थंड ओलींत दिवसच्या दिवस उभे राहून हजारों सैनिकांचे पाय नासले. पुढें १९६० नंतरच्या दशकांत व्हिएतनामच्या उष्ण भातखाचरांत अमेरिकन सैनिकांच्या पायांचीही दुर्दशा झाली. हवामान उलट, परंतु मुख्य उपाय तोच: पाय तपासा, पुसा आणि रोज कांहीं तास कोरडे ठेवा.

मग हे मोजे टाकाऊ ठरले काय? मुळींच नाहीं. हिमालयाच्या वाटेवर वितळत्या बर्फांतून चालतांना, किंवा हिंवाळ्यांत पहांटेच्या दंवांत, ते अमोल आहेत. तेथें बाहेरची हवा थंड आणि त्यामानानें कोरडी, म्हणून वाफेस वाट मिळते, आणि पायाची ऊबही राहते. ते वापरतांना विजारीचा पाय मोज्याच्या तोंडावरून सोडावा, म्हणजे पावसाची धार बाहेरून ओघळते. नखें कापलेलीं असावींत आणि बुटांतली वाळू झाडावी, नाहीं तर पापुद्रा फाटतो. परंतु आपल्या पावसाळ्यांत, जेथें दर घटकेला ओढा ओलांडावयाचा, तेथें पाणी सोडणारा बूट आणि लोकरीचा मोजा हाच बरा. आणि पिशवीच्या तळाशीं, प्लास्टिकमध्यें गुंडाळलेला, केवळ रात्रीसाठीं राखलेला एक कोरडा जोड असावा. दिवसा कितीही मोह झाला तरी तो काढूं नये.

वस्तु विकणारा आपणांस सांगतो कीं पाणी आंत येणार नाहीं. आपण त्याला एवढेंच विचारावें, "आणि आलेंच, तर तें बाहेर कसें जाणार?" या प्रश्नाचें उत्तर न्हाणीघरांतल्या बादलींत मिळत नाहीं, तें डोंगरांतच मिळतें. आपल्या पावसाळी वाटा सुखाच्या होवोत असें इच्छून मी आपली रजा घेतों.