आलं तेच लिहा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू अमेरिकेत बसमध्ये राहत होतीस म्हणे, त्यावर बोल." ही बातमी आपल्या ग्रुपवर पोचेपर्यंत तिचं बरंच काही झालं होतं. कुणी म्हणालं, आमचं घर गेलं म्हणून आम्ही बसमध्ये राहिलो. कुणी म्हणालं, मी तिकडे बस चालवते. तेव्हा आधी खुलासा करते. आमचं घर गेलं नव्हतं, आणि बस मी चालवली ती फक्त मोकळ्या मैदानात. एक जुनी स्कूलबस आम्ही दोघांनी घर म्हणून बांधली, पाच वर्षं तिच्यात राहिलो आणि २०२४ साली ती विकली. आज बोलायचंय ते त्या विकण्याबद्दल. कारण ती विकताना मला आपली प्रयोगशाळा आठवली.

अमेरिकेतली पिवळी स्कूलबस तुम्ही सिनेमात पाहिली असेल. तो पिवळा रंग कुणाच्या आवडीने ठरलेला नाही. १९३९ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी एक परिषद भरवली. तिथे स्कूलबससाठी ४४ मानकं ठरली, त्यात हा रंगही होता. पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं नीट दिसतात, हे कारण. या बसेस काही वर्षं मुलं वाहून झाल्या की निवृत्त होतात आणि लिलावात निघतात. इंजिनात अजून बराच दम असतो. मग काही हौशी माणसं त्या घेतात आणि आतून घर करतात. तिकडे अशा बसला 'स्कूली' म्हणतात.

आम्ही डेन्व्हरला राहत होतो. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, तर हे एका कारखान्यात देखभालीच्या कामावर. २०१७ साली यांनी लिलावात ४,५०० डॉलरला एक ३५ फुटी बस घेतली आणि घरी येऊन मला सांगितलं. घेतली आणि मग सांगितलं, हा क्रम बायकांच्या लक्षात आला असेल.

पुढची दोन वर्षं प्रत्येक शनिवार-रविवार त्या बसमध्ये गेला. आधी सीट काढायच्या. बोल्ट इतके गंजलेले की पाना लागेना, ग्राइंडरने एकेक कापावा लागला. मग रबरी मॅट, त्याखालचं प्लायवुड आणि त्याखाली खरा पत्रा. घर कितीही सुंदर करा, बसचं खरं वय त्या पत्र्यावर कळतं. तिथला गंज घासायचा, गंज थांबवणारं रसायन लावायचं, रंग द्यायचा, त्यावर थंडी अडवणारा फोम आणि मग नवी फरशी. एकूण जागा सुमारे १९० चौरस फूट. त्यात ओटा, दोन शेगड्या, पलंग, लाकडाची छोटी चूल, गॅसवरचा हीटर आणि पाण्याऐवजी भुसा वापरायचा संडास. पाण्याची टाकी ३८० लिटरची. टपावर सौर पॅनल, पलंगाखाली लिथियम बॅटऱ्या. वीजमंडळाची तार नाही, नळ नाही, गटार नाही.

स्कूलबस घर म्हणून रस्त्यावर आणायची तर लाल दिवे आणि बाजूची 'थांबा'ची पाटी काढावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी पिवळा रंगही बदलावा लागतो. कुठला रंग द्यायचा यावर आमच्याकडे चर्चाच झाली नाही. दहावीपर्यंत रोज वाडीवरून शाळेत मी ज्या लाल डब्यातून आले, तोच रंग दिला. मागच्या दारावर मी ब्रशने मराठीत लिहिलं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. अक्षर काही चांगलं आलं नाही. आपल्या मराठीच्या बाईंनी पाहिलं असतं तर परत गिरवायला लावलं असतं.

२०१९ साली मी नोकरी सोडली आणि आम्ही कोलोरॅडोच्या दक्षिणेला, सॅन लुईस खोऱ्यात बस नेली. समुद्रसपाटीपासून सुमारे ७,५०० फूट उंच, चारी बाजूंनी डोंगर, आणि एका कडेला उत्तर अमेरिकेतल्या सर्वात उंच वाळूच्या टेकड्या. ऊन भरपूर, पण हिवाळ्याच्या रात्री पारा उणे २५ अंशांच्याही खाली जातो. तिथे पाच वर्षं आम्ही सुखात काढली. आंघोळीचं पाणी मोजून घ्यायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. विहिरीवरून हंडे आणलेल्या मुलीला ३८० लिटर म्हणजे श्रीमंती होती.

मग यांच्या फुप्फुसांनी त्रास द्यायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, एवढ्या उंचीवर राहू नका, खाली उतरा. प्वेब्लो शहर सुमारे ४,७०० फुटांवर आहे, तिथे भाड्याने घर घ्यायचं ठरलं. त्यासाठी आणि औषधपाण्यासाठी पैसे हवे होते. आमच्याजवळ विकण्याजोगी एकच मोठी वस्तू होती.

बसवर आमचा एकूण खर्च ३८,००० डॉलर झाला होता. तो परत मिळत नाही, हे लवकरच कळलं. अशा बसवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, विमा द्यायलाही फार कंपन्या तयार नसतात. म्हणजे गिऱ्हाईक रोख पैसे घेऊनच यायला हवं. त्यात तुम्ही तुमच्या उंचीचा ओटा बांधलेला असतो आणि येणारा सहा फुटी असतो. आम्ही ३१,००० किंमत ठरवली आणि जाहिरात लिहायला बसलो.

इथे अडलं. बॅटऱ्यांवर कंपनीने छापलेली क्षमता होती सुमारे ५ युनिट. पण या लिथियम बॅटऱ्या शून्य अंशाखाली चार्ज करायच्या नसतात, कायमच्या बिघडतात. त्यांना ऊब देणारी गादी २०२१च्या हिवाळ्यात बंद पडली होती, आणि दोन-तीन सकाळी ऊन येताच चार्जिंग सुरू झालं होतं. आमच्या बॅटऱ्यांत ते आपोआप थांबवणारी सोय नव्हती. मला शंका होती म्हणून मी मोजलं. बॅटरी पूर्ण भरायची, ठरावीक भार लावायचा आणि ती बंद पडेपर्यंत किती वीज निघाली ते मीटरवर पाहायचं. वीज निघाली ३ युनिट. दुसऱ्या दिवशी परत मोजलं, तरी ३.

मी यांना म्हटलं, "अहो, लेबलवर पाच आहे, पण येतात तीन."

हे म्हणाले, "मग लेबलवर आहे तेच लिही. आपण कुठे खोटं बोलतोय? छापलंय ना त्यावर."

आणि खरं सांगते, मलाही ते पटलं. औषधांची बिलं समोर होती. मी जाहिरातीत ५ लिहिलं.

रात्री झोप लागेना. आणि अचानक नववीतला प्रयोग आठवला. बर्फाचा वितळणबिंदू. आठवतो का? चंचुपात्रात बर्फाचा चुरा आणि त्यात तापमापी. माझी तापमापी २ अंशांवर थांबली. पुस्तकात शून्य होतं. मी वहीत शून्य लिहिलं. जवळजवळ सगळ्या वर्गाने शून्य लिहिलं. शास्त्राच्या सरांनी वह्या तपासल्या आणि ज्यांनी शून्य लिहिलं त्यांना गुणही शून्य दिले. ती तापमापी दोन अंश चुकीचं दाखवते, हे सरांना आधीपासून माहीत होतं! वर्गात दोघांनीच २ लिहिलं होतं. ते दोघेही आज इथे आहेत, आणि पंचेचाळीस वर्षं झाली तरी अजून तोंडावर सांगतात. माझ्या वहीत सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'आलं तेच लिहा.'

सकाळी मी जाहिरात बदलली. आणि एवढ्यावर थांबले नाही. एका कागदावर बसचे सगळे दोष लिहून काढले. बॅटरी: छापील ५, प्रत्यक्ष ३ युनिट. ऊन असेल तर रात्र निघते, लागोपाठ दोन ढगाळ दिवस आले तर निघत नाही. डाव्या मागच्या चाकावरचा पत्रा गंजून भोक पडलं होतं, तिथे ठिगळ मारलंय. टपावरची हवेची खिडकी तिरप्या पावसात ठिबकते. असे एकूण अकरा मुद्दे झाले. हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

पहिला गिऱ्हाईक ३०,००० रोख घेऊन आला होता. त्याने कागद वाचला, घडी करून मला परत दिला आणि निघून गेला. त्या दिवशी आमच्या बसमध्ये चहासुद्धा झाला नाही.

त्यानंतर सात आठवडे कुणी आलं नाही. मग एक तरुण जोडपं आलं, बरोबर चार वर्षांचा मुलगा. ती नर्स होती. तिने कागद हातात घेतला आणि एकेक मुद्दा प्रत्यक्ष पाहत गेली, चाकाखाली आडवी होऊनसुद्धा. मुलगा मागचं दार उघडून उड्या मारत होता. हिवाळा त्यांना तिथेच काढायचा होता. पलंगाखालच्या बॅटऱ्यांकडे बघून ती मला म्हणाली, रात्री हीटरचा पंखा याच्यावरच चालतो ना? मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, नवऱ्याकडे पाहिलं. त्या क्षणी माझ्या मनात आलं, कागदावर ५ असतं तर हिने त्या भरवशावर या पोराला इथे झोपवलं असतं.

त्यांनी बॅटऱ्यांचे पैसे कापून २६,००० दिले आणि बस ताब्यात घ्यायच्या आधीच एक जनरेटर आणला. कागदपत्रांवर सह्या झाल्या. यांनी किल्ली त्या मुलाच्या हातात दिली. परतीच्या वाटेवर बराच वेळ हे गप्प होते, मग म्हणाले, "पाच हजार गेले, पण फोन वाजला की आता धडकी भरणार नाही."

फोन वाजला खरा, डिसेंबरमध्ये. मागच्या दारावर काय लिहिलंय, असं ती विचारत होती. तिच्या मुलाला ते वाचायचं होतं. मी अर्थ सांगितला. त्यांनी ती अक्षरं तशीच ठेवली आहेत.

मित्रहो, या शाळेने आपल्याला बरंच शिकवलं, त्यातलं पुष्कळ मी विसरले. हे एक वाक्य राहिलं, आणि तेही उशिरा कामाला आलं. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, बर्फाच्या त्या प्रयोगाचे गुण माझ्या वहीत अजून शून्यच आहेत. फेरतपासणीचा अर्ज आज करते आहे. तुम्ही जे द्याल ते मान्य.