बर्फ, मस्टँग आणि चंपक मैदान
(१९९६च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय दिलाय 'परदेशातील माझे अनुभव'. तुमच्यापैकी निम्म्यांचं कोणी ना कोणी आता तिकडे आहे, त्यामुळे त्यात नवल राहिलेलं नाही. म्हणून मी एकच अनुभव सांगते. त्यात माझी फजिती आहे. फजितीची गोष्ट शाळेतल्या माणसांनाच सांगावी, कारण त्यांनी आपल्याला आधीच बाकावर उभं राहिलेलं पाहिलेलं असतं.

आपण रत्नागिरीची माणसं. बर्फाशी आपला संबंध दोनच ठिकाणी आला. एक मिरकरवाड्याला मासळीवर फोडून घालायच्या लाद्या, आणि दुसरा शाळेच्या फाटकाबाहेरचा गोळा. बर्फावरून गाडी चालवायची असते, हे मला पंचविशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आता मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहते. मोटारींचा गाव. नोकरीही तीच: गाड्यांच्या ब्रेकवर देखरेख करणारं जे सॉफ्टवेअर असतं, ते लिहिणाऱ्यांपैकी मी एक. ही नोकरी लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच जास्त लाज वाटणार आहे.

अडतिसाव्या वर्षी मी स्वतःच्या पैशांनी एक सेकंडहँड मस्टँग घेतली. आठवतंय का, नववीत माझ्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून एका लाल गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं? बाईंनी ते जप्त केलं होतं. तीच गाडी. फोर्डने ती १९६४ साली बाजारात आणली, आणि आता ती आमच्या घरापासून फार लांब नाही अशा फ्लॅट रॉक गावात तयार होते. घरच्यांनी विचारलं, हिवाळ्यात काय करणार? मी म्हटलं, मी आंबा घाटात गाडी चालवायला शिकलेली मुलगी आहे, मला काय विचारता!

इथे थोडं फिजिक्स सांगायला हवं. बाई, चुकलं तर सांगा. आजकालच्या बहुतेक घरगुती गाड्यांमध्ये इंजिनचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. ती चाकं गाडी ओढतात, आणि इंजिनचं वजनही त्यांच्याच डोक्यावर असतं, त्यामुळे ती रस्ता घट्ट धरतात. मस्टँगमध्ये जोर मागच्या चाकांना मिळतो, ती गाडी ढकलतात. आपल्या लहानपणीच्या ॲम्बॅसेडर आणि फियाटसुद्धा अशाच होत्या. कोरड्या रस्त्यावर ही रचना झकास. पण जेटीवर मासळीची हातगाडी मागून ढकलणारा माणूस आठवा. जमीन निसरडी असेल आणि त्याने जोर एकदम लावला, तर गाडी सरळ जात नाही. तिची पाठ बाजूला सरकते आणि तोंड भलतीकडे वळतं. तीनशे घोड्यांची ताकद आणि मागची बाजू हलकी असली, की मस्टँगचं बर्फावर तेच होतं.

दुसरी गोष्ट टायरची. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. आपल्याकडे पारा इतका उतरतच नाही, म्हणून आपल्याला हे कळायचं कारण नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात हिवाळ्यात असे टायर घालणं कायद्याने सक्तीचं आहे. मिशिगनमध्ये सक्ती नाही. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने घातलेले उन्हाळी टायर होते. नवे चार घ्यायचे म्हणजे खर्च, आणि वर्षातून दोनदा बदलायची कटकट. मी ते पुढच्या पगारावर ढकलत राहिले.

२०१८चा डिसेंबर. संध्याकाळचे साडेपाच, अंधार पडलेला. नऊ वर्षांची लेक मागच्या सीटवर. पोहण्याच्या क्लासहून परत येत होतो. रस्ता नुसता ओला दिसत होता. तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार-अकराशे फुटांवर मिठाची मोठी खाण आहे, त्यामुळे मिठाला तोटा नाही. पण पारा उणे दहाच्या आसपास गेला की साधं मीठही फारसं काम करत नाही. त्यात वाटेत एक उड्डाणपूल होता. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, कारण रस्त्याला खालून जमिनीची ऊब मिळते आणि पुलाला वरून-खालून गार वारा. पुलाआधी तशी पाटीही असते. ती पाटी मी बारा वर्षं रोज वाचत होते.

पुलावर वळण संपताना मी ॲक्सिलरेटर जरासा दाबला. जरासाच. गाडीची पाठ उजवीकडे गेली. मी घाबरून ब्रेकवर उभी राहिले आणि स्टिअरिंग फिरवलं ते फिरवतच राहिले. गाडी आधी एका बाजूला, मग झटक्यात दुसऱ्या बाजूला, आणि मग भिंगरीसारखी फिरली. पूल ओलांडून गेल्यावर कडेच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात जाऊन थांबली, तोंड आलो त्या दिशेला. मागून येणारा ट्रक शेजारून निघून गेला. मागे गाडी असती किंवा ढिगारा नसता तर काय झालं असतं, ते मी तेव्हा बोलले नाही आणि आजही बोलत नाही.

कोणाला खरचटलंही नाही. लेक रडली नाही, ओरडली नाही. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "आई, तू ब्रेकचंच काम करतेस ना?"

दुसऱ्या दिवसापासून ती मस्टँगमध्ये बसेना. मी समजावलं, आमिष दाखवलं, रागावलेही. ती शांतपणे बाबाच्या गाडीत जाऊन बसायची. आईवर पोरांचा विश्वास असतो, तो आपण मिळवलेला नसतो, जन्माबरोबर फुकट आलेला असतो. तो गेल्यावर मात्र परत कमवावा लागतो, हे मला तेव्हा कळलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, म्हणून जास्त लागलं. आमचं सॉफ्टवेअर करतं काय? ड्रायव्हरने स्टिअरिंग किती फिरवलंय ते बघतं, गाडी खरोखर किती फिरतेय ते बघतं, आणि दोन्हींत फरक दिसला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनचा जोर कमी करून गाडी वळणावर आणू बघतं. सेकंदाच्या छोट्याशा भागात. अमेरिकेत अशी यंत्रणा २०१२च्या मॉडेलपासून प्रत्येक मोटारीला सक्तीची आहे, आणि तिने खूप जीव वाचवले आहेत. माझ्या गाडीतही ती चालू होती. पण टायर आणि रस्ता यांच्यात जेवढं घर्षण आहे, तेवढंच ती वाटू शकते. नवीन घर्षण तयार करणारी एकही ओळ आजवर कोणाला लिहिता आलेली नाही.

किती फरक पडतो ते आठवीच्या गणिताने निघतं. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना कोरड्या डांबरावर ब्रेक लावले की गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर ५०च्या आसपास. आणि डांबरावर जो काचेसारखा, दिसत नाही असा बर्फ जमतो, त्यावर जवळजवळ १००. म्हणजे आपल्या क्रीडादिनाची शंभर मीटरची धाव, सुरुवातीच्या रेषेपासून फितीपर्यंत. शिवाय टायरची पकड ही एकच भाकरी असते. ब्रेकने सगळी खाल्ली तर वळायला काही उरत नाही. मी पुलावर दोघांनाही पोटभर वाढायला गेले होते.

आठवडाभर बाबांना सांगितलं नाही. मग एका रविवारी फोनवर सांगून टाकलं. बाबा आज शेवटच्या रांगेत बसले आहेत, त्यांना हे आठवत असेल. मला वाटलं होतं, ओरडतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "डिकीत चिरे ठेवले होतेस का?"

आमच्याकडे पद्मिनी फियाट होती. पावसाळ्यात आजोळच्या कच्च्या रस्त्याला लाल चिखलात मागची चाकं जागच्या जागी फिरायची, म्हणून बाबा डिकीत गोणपाटात गुंडाळून दोन चिरे ठेवायचे. मागच्या चाकांवर वजन आलं की ती धरतात. मिशिगनमधले म्हातारे लोक याच कारणाने डिकीत वाळूच्या पिशव्या ठेवतात, हे मी बघून हसले होते. बापाचे चिरे विसरले होते.

मग बाबा म्हणाले, "आणि चंपक मैदान विसरलीस?"

खरंच विसरले होते. अठराव्या वर्षी गाडी शिकवताना त्यांनी मला आधी घाटात नेलं नव्हतं. जूनच्या पहिल्या पावसात, मैदान रिकामं आणि चिखलाचं झालेलं असताना तिथे नेलं आणि म्हणाले, "आता वीसच्या वेगाने जा आणि मुद्दाम ब्रेक मार." गाडी घसरली. मी किंचाळले. ते म्हणाले, "परत." दुपारभर तेच. घसरली की पाय अलगद काढायचा, जिकडे जायचंय तिकडे बघायचं, खड्ड्याकडे नाही. पाठ उजवीकडे गेली तर स्टिअरिंगही उजवीकडे, आणि गाडी सावरायला लागली की लगेच सरळ, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकते. घाट त्यानंतर. मी मात्र जगाला सांगताना घाट तेवढा लक्षात ठेवला आणि मैदान गाळलं. मिशिगनमध्ये थेट घाटात उतरले.

त्या आठवड्यात मी चार हिवाळी टायर घातले. डिकीत वाळूच्या दोन पिशव्या, मागच्या चाकांच्या वर, घट्ट बांधून. सुट्या ठेवल्या तर धक्क्याला त्याच उडून डोक्यात येतील. आणि जानेवारीत बर्फ पडल्यावर परवानगी काढून एका ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेले. दर रविवारी सकाळी एक तास. मुद्दाम घसरवायची, मुद्दाम सावरायची. चाळिशीला आलेली बाई पार्किंगमध्ये गोल गोल फिरतेय म्हणून सुरक्षारक्षक कॉफी घेऊन बघत उभा राहायचा.

नवऱ्याबरोबर लेकही यायची, त्यांच्या गाडीत बसून बघायची. पहिल्या रविवारी तिने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. तिसऱ्या रविवारी काच खाली करून मोजायला लागली: किती वेळा घसरली, किती वेळा सावरली. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा वीसपैकी एकोणीस वेळा सावरली. ती उतरली, बर्फातून चालत आली, मस्टँगचं दार उघडून मागे बसली आणि म्हणाली, "विसावी परत कर."

तो पूल मी अजूनही रोज ओलांडते. बर्फ असला की चालत्या माणसाला लाज वाटेल इतक्या हळू. खूपच बर्फ असला तर मस्टँग गॅरेजमध्येच राहते. पकड किती आहे हे एकदा कळलं की तिचा मान ठेवता येतो, त्यात शरम नाही.

गेल्या हिवाळ्यात लेक पंधरा वर्षांची झाली. तिकडे त्या वयात आईबापांना शेजारी बसवून गाडी शिकता येते. मी तिला आधी त्याच पार्किंगमध्ये नेलं आणि म्हटलं, "आता मुद्दाम ब्रेक मार." ती किंचाळली. मी म्हटलं, "परत."

मंडळी, आपण सगळे हुशार म्हणून ओळखले गेलो. या शाळेने ते दिलं. पण हुशार माणसाचा एक घोटाळा होतो. आपल्याला येतं असं एकदा ठरलं की तो मैदानावर परत जात नाही, आणि नेमका त्याच पुलावर घसरतो ज्याची पाटी तो रोज वाचतो.

इथे बर्फ नाही, पण पावसाळा आहे. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, साचलेल्या पाण्यावर झिजलेला टायर चक्क तरंगतो. टायरच्या खाचांमध्ये मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की तो टायर संपला. तुमच्यातले निम्मे आज हातखंब्याकडून आले आहेत आणि रात्री परत जाणार आहेत. जेवणाची पंगत बसायला अजून अर्धा तास आहे. बाहेर जाऊन आपापले टायर बघून या. बाबा बॅटरी घेऊन उभे राहतील.