बांध पाहून पाऊस थांबत नाही
(शताब्दी मेळाव्यातील प्रवचनावरून)



संतचरणी मस्तक ठेवून दोन शब्द बोलतो. शताब्दीच्या निमित्ताने दुसऱ्या भक्तिमार्गाचीही थोडी ओळख करून घ्यावी, असं आम्हा मंडळींना वाटलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण तुकोबांचा हात त्यांनी सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. आज त्याच पुलावरून आपण पलीकडे डोकावू आणि विचारू, की ख्रिस्ती भक्ताच्या लेखी पूर्णत्व म्हणजे काय?

डोंगरावरच्या प्रवचनात येशू शिष्यांकडून प्रत्यक्ष देवासारख्या पूर्णत्वाची अपेक्षा करतो. ऐकूनच छाती दडपते. आपल्याला वाटतं, पूर्ण म्हणजे ज्याच्या हातून कधी काही चुकत नाही तो. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात ही गोष्ट कुठे येते ते बघा. तिच्या आधी विषय चाललाय तो वैऱ्यावर प्रेम करण्याचा. देवाचं ऊन सज्जनावर पडतं तसं दुर्जनावरही पडतं, पाऊसही दोघांच्या शेतात पडतो. बांध पाहून पाऊस थांबत नाही. त्या ठिकाणच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही परिपक्व, शेवटास पोचलेला असा आहे. ज्या प्रेमातून कोणीच वगळला जात नाही, ते पिकलेलं प्रेम.

पेत्राच्या दुसऱ्या पत्रात याच्याही पुढची गोष्ट आहे. भक्त देवाच्या स्वभावाचा वाटेकरी होतो, असं तिथे सांगितलंय. मग माणूस देव होतो की काय? जुन्या ख्रिस्ती आचार्यांनी यावर लोहाराच्या भट्टीचा दृष्टांत दिला. लोखंड विस्तवात घातलं की लाल होतं, उजेड देतं, चटकाही देतं. तरी लोखंड ते लोखंड, विस्तव तो विस्तव. ती धग लोखंडाची स्वतःची नाही, मिळालेली आहे. म्हणून ताठा करायला जागा नाही. आणि बाहेर काढलं की पुन्हा काळं पडतं, म्हणून संगत सोडायची सोय नाही.

देव आणि भक्त एक की दोन, यावर आपल्याकडे रात्र-रात्र चर्चा रंगते. ख्रिस्ती मत भेद राखून ऐक्य सांगतं. त्यावर आपण घाईने अद्वैताचा शिक्का मारू नये. दुसऱ्याचं घर त्याच्याच दारातून पाहावं.

चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, निस्साचे बिशप ग्रेगरी होऊन गेले. मोशेच्या चरित्रावर लिहिताना त्यांनी मांडलं, की देव अनंत आहे, म्हणून त्याच्याकडची वाटही संपत नाही. पुढे-पुढे जात राहणं हेच माणसाचं पूर्णत्व. हे वारकऱ्याला वेगळं समजवायला नको. आषाढीला कळसाचं दर्शन झालं म्हणून वारी संपली, असं आपल्यात कोण म्हणतं?

पण माउली, वाट संपत नाही म्हटल्यावर ती गावातूनही जाते. दिंडीत लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात. गावी परतल्यावर सख्खे भाऊ हातभर बांधासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढतात, भावकीच्या लग्नाला कोणी कोणाकडे जात नाही. अशी घरं प्रत्येक गावात आहेत. नावं घ्यायचं कारण नाही. गळ्यात माळ असो की क्रूस, परीक्षा तिथेच होते. विस्तवातून निघालेलं लोखंड किती वेळ तापलेलं राहिलं, ते त्या बांधावर कळतं.

शंभर वर्षं ही दिंडी चालली, ती वाडवडिलांच्या पुण्याईने. पुढची शंभर आपल्या वागण्यावर आहेत. तेव्हा विनंती एवढीच. यंदा पंढरीहून आणलेल्या चुरमुऱ्या-बत्ताशांची पहिली पुडी, ज्या घराशी बोलणं बंद आहे त्या घरी द्यावी. दार उघडलं नाही तर उंबऱ्यावर ठेवून यावं.

रामकृष्ण हरी.