चिलटं आणि आठवण



आपण दहावी झालो तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. जीवशास्त्राच्या तासाला बेडूक बघून वर्गाबाहेर पळाली ती मीच. पुढे इंजिनिअरिंग केलं, कॉम्प्युटरमध्ये रमले. आज मात्र पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांबद्दल बोलणार आहे.

कारण माझे बाबा. पावसाळ्यात त्यांचा तोल जाऊ लागला, दिवाळीला ते मला ओळखेनात, संक्रांतीआधी गेले. आजार क्रॉइट्झफेल्ट-याकोब, वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होणारा. त्यावर अजून औषध नाही.

यात जंतू नसतो. मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी चुकते आणि ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी घ्यायला लावतं. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली त्याला ‘प्रिऑन’ नाव दिलं, तेव्हा अनेकांनी शंका घेतली. १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं.

चिलटांमध्ये हे प्रथिन नसतंच, म्हणून ती उपयोगाची. त्यांच्यात हॅमस्टरचं किंवा मेंढीचं जनुक घालतात आणि ठरावीक पेशींतच ते चालू करतात. आमच्या प्रोग्रॅममधल्या स्विचसारखं. मग काचेच्या नळीत ती वर कशी चढतात ते मोजतात. हॅमस्टरचं जनुक घातलेल्या चिलटांच्या मेंदूत वयानुसार स्पंजासारखी भोकं पडली आणि चाल मंदावली. उंदरात याला महिनोन्‌महिने लागतात. चिलटाचं अख्खं आयुष्यच दोन-तीन महिन्यांचं. त्यामुळे औषधांची चाचपणीही लवकर करता येते.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मी थबकले. चिलटांच्या मेंदूत ‘ऑर्ब-२’ नावाचं प्रथिन आहे. तेही प्रिऑनसारखंच एकमेकांना धरून साखळ्या करतं, पण त्याने आठवण टिकते. २०१२ साली अमिताभ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवलं, की या प्रथिनात एक छोटा बदल केला तर चिलटं शिकतात, पण दोन दिवसांपुढे त्यांना ते आठवत नाही. मजुमदारांनी पुढे हेच काम पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात चालवलं. मी राहते त्याच शहरात!

म्हणजे ज्या करामतीने बाबांची ओळख पुसली, तिच्याच बहिणीने कुठेतरी आठवण धरून ठेवलेली असते.

बाबांना या संशोधनाचा उपयोग झाला नाही. पण तुम्हाला एक सांगते. घरात कुणाचं विसरणं आणि अडखळणं आठवड्या-आठवड्याने वाढत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक वेळी तो बाबांचाच आजार नसतो. काही आजार बरे होणारेही असतात.

आणि सर, तो बेडकाचा तास मी बुडवला, त्याबद्दल आज माफी मागते.