किल्लीवांचून उघडणारें दार

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळाबाहेर सुटीच्या दिवशीं घटकाभर उभें राहिलें, तर एक नवीनच दृश्य पाहावयास मिळतें. मोटारींतून उतरलेले गृहस्थ किल्ली कुलपांत न घालतां दाराच्या मुठीवरील बारीक बटण दाबतात, मोटार दिवे मिचकावते, गृहस्थ चार पावलें जातात, आणि पुन्हां परत येऊन मूठ ओढून पाहतात. दार उघडतें! कुलूप बिघडलें, अशी त्यांची समजूत होते. वस्तुतः किल्ली त्यांच्याच खिशांत असते, आणि कित्येक मोटारी ती जवळ आहे एवढें ओळखून मूठ ओढतांच दार मोकळें करितात. कुलूप लागलें कीं नाहीं हें पाहण्याच्या खटपटींतच तें निघतें. ज्यास खात्री करावयाची असेल त्यानें किल्ली दूर उभ्या असलेल्या सोबत्याजवळ द्यावी.

यांत जादू नाहीं. आकाशवाणी ज्या जातीच्या लहरींवर चालते, त्याच जातीच्या लहरी येथें राबतात. मुठीला हात लागला कीं मोटार सुमारें १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनीं हांक घालते. ती एकदोन हातांपलीकडे पोंचत नाहीं. किल्ली बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास सांकेतिक उत्तर देते, व तो संकेत दर खेपेस बदलतो. दुरून बटण दाबून दार उघडण्याची सोय फ्रान्समधील रेनो कंपनीच्या फ्यूगो मोटारींत १९८२ मध्यें आली. आतां ती साध्या कुटुंबाच्या मोटारींतही आली आहे, आणि तिच्याबरोबर तिच्या लहरीही, दुसऱ्या अर्थाच्या.

एक उदाहरण घ्या. अकलूजहून निघालेले यजमान मोटार चालू ठेवून वेळापुरास उतरले, व घरची मंडळी तशीच पुढें पंढरपुरास गेली. किल्ली यजमानांच्या सदऱ्यांत राहिली! यंत्र वाटेंत बंद पडत नाहीं, फक्त इशारा देतें. पण पंढरपुरांत एकदां बंद केलें कीं पुन्हां सुरू होणें नाहीं.

किल्लीच्या पोटांत ३ व्होल्टचा, नाण्याएवढा सपाट सेल असतो. तो संपला तरी घाबरण्याचें कारण नाहीं. बहुतेक अशा किल्ल्यांच्या पोटांत धातूची साधी किल्ली दडविलेली असते, तिनें दार उघडतें. आणि पुष्कळ मोटारींत मेलेली किल्लीच सुरू करण्याच्या बटणाला टेंकवून धरली कीं यंत्र चालू होतें. पण ती दडलेली किल्ली घरांतील किती जणांनीं कधीं बाहेर काढून पाहिली आहे?

येथवर गंमत झाली. पुढची गोष्ट गंमतीची नाहीं. दुरून कुलूप काढलें आणि सुमारें अर्ध्या मिनिटांत एकही दार उघडलें नाहीं, तर पुष्कळ मोटारी आपण होऊन कुलूप लावून घेतात. चोरापासून रक्षणासाठीं ही योजना आहे. परंतु किल्ली मुलाच्या हातीं खेळावयास दिली असेल, त्याच्या हातून बटण दाबलें गेलें आणि आई सामान घेण्यास मागें वळली असेल, तर? किल्ली आंत, मूल आंत, आणि बाहेर वैशाखाचें ऊन. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डॉक्टरांनीं २००५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बंद मोटारींतील उष्णता तासाभरांत सरासरी २२ अंश सेल्सिअसनें वाढली. त्यांतील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच झाली, आणि कांच किंचित् उघडी ठेवल्यानेंही फारसा फरक पडला नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत मे महिन्यांत बाहेरच चाळीस अंशांवर पारा असतो.

जून २०२३ मध्यें नागपुरांतील पाचपावली भागांत तीन लहान मुलें घराजवळच उभ्या असलेल्या मोटारींत मृत सांपडलीं. गांवभर शोध चालू होता, आणि मुलें हांकेच्या अंतरावर होतीं.

मागील दारांच्या कडेस एक लहान खटका असतो. तो लावला म्हणजे दार आंतून उघडत नाहीं. चालत्या मोटारींतून मूल पडूं नये म्हणून तो उपयोगी, पण उभ्या मोटारींत तोच मुलाला कोंडतो. म्हणून आपल्या मोटारींत एकदां स्वतः बसून, कुलूप लावून, कोणतें दार आंतून उघडतें तें मुलांस दाखवावें. पुढच्या आसनावर येऊन मूठ दोनदां ओढावयास लावावी, कारण कांहीं मोटारींत पहिल्या ओढीनें कुलूप निघतें व दुसरीनें दार. यंत्र बंद असतांही बहुतेक मोटारींचा भोंगा वाजतो. तो वाजवीत राहावें हेंही शिकवावें. उभी मोटार अंगणांतही कुलूपबंद ठेवावी आणि किल्ली उंच खुंटीवर.

आषाढांत माउलींची पालखी वेळापुरास मुक्कामाला येते, तेव्हां टाळमृदंगांच्या गजरांत भोंगा कोणास ऐकूं जाणार? त्या दिवशीं मोटार सोडतांना मागील आसनावर व खालीं वाकून पाहावें, आणि किल्ली कोणाजवळ आहे हें सर्वांस सांगून जावें. कोणाचेंही मूल आंत अडकलेलें दिसलें, तर ११२ वर कळवावें, व तें मलूल दिसत असेल तर मालकाची वाट न पाहतां मुलापासून सर्वांत दूरची बाजूची कांच कोपऱ्याशीं टोंकदार वस्तूनें फोडावी. समोरच्या मोठ्या कांचेवर घाव घालूं नये. ती तडकते, पण सुटत नाहीं.